फाटलेला बंपर आणि सतरा नंबरचा फॉर्म

पूर्वी गाडीला पोचा यायचा, आता गाडी फाटते. भाषा शिकवणाऱ्या माणसाच्या कानाला हा फरक लगेच लागतो. पद्मिनी, अ‍ॅम्बेसिडर यांचे बंपर पोलादी होते, वर चकचकीत क्रोम. धडक बसली की वाकायचे, आणि डेंटर हातोडीने ठोकून ठोकून ते सरळ करायचा. आजच्या गाडीचा बंपर म्हणजे प्लास्टिकचा पातळ मुखवटा. खरा मार झेलणारा दांडा त्याच्या मागे लपलेला असतो. मुखवटा लवचिक असतो; थोडं दाबलं तर परत जागेवर येतो, जास्त ताणलं तर कापडासारखा फाटतो. म्हणून आमच्या भागातली गॅरेजची पोरं त्याला सरळ ‘रफू’ म्हणतात. रफू हा शब्द फारसीतून उर्दूत आणि मराठीतही आला. मराठीत आपण त्याला चक्कर जोडून माणसं गायब करायला वापरतो, ते वेगळं. चांगल्या रफूची खूण मात्र दोन्ही भाषांत एकच: कुठे फाटलं होतं ते सापडता कामा नये.

मागच्या पावसाळ्यात एका टेम्पोने मागे येता येता माझ्या उभ्या गाडीचा पुढचा बंपर कोपऱ्यात वीतभर फाडला. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये गेलो तर उत्तर एका वाक्यात मिळालं: “बदलावा लागेल.” दुरुस्त होईल का, या प्रश्नावर तिथला मुलगा असा हसला की जणू मी चप्पल शिवून मागतोय. विम्याचं गणितही तिथेच कळलं. झीरो डेप घेतलेलं नसेल तर रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापतात, गाडी वर्षाची असो की आठ वर्षांची. शिवाय क्लेम घेतला की नो क्लेम बोनसवर पाणी. म्हणजे पगारदार माणसाला अर्धा बंपर खिशातूनच घ्यायचा आहे, आणि वीतभर चिरेपायी धडधाकट राहिलेला मोठा तुकडा भंगारात द्यायचा आहे.

मी गाडी आमच्या जुन्या विद्यार्थ्याकडे नेली. नववीत शाळा सोडली, आज चोविशीत आहे, उस्तादांच्या हाताखाली आठ वर्षं काढून आता स्वतःचं शेड टाकलंय. त्याने बंपर उतरवला, उलटा केला, चिखल पुसला आणि आतल्या बाजूला उठवलेली अक्षरं वाचली. “सर, इस की जात पीछे लिखी सो रहती.”

जात म्हणजे प्लास्टिकची. माझ्या बंपरवर ‘पीपी + ईपीडीएम – टी २०’ असं होतं. पीपी म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, ईपीडीएम म्हणजे लवचिकपणासाठी मिसळलेलं रबर, आणि टी २० म्हणजे २० टक्के टाल्क. पोरं त्याला ‘टी-ट्वेंटीवाला’ म्हणतात. हे पॉलीप्रॉपिलीन इटलीच्या नात्ता यांनी १९५४ साली नीट घडवलं, आणि १९६३चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि जर्मनीच्या त्सिग्लर यांना मिळून मिळालं. पुस्तकातली ही माहिती मी त्याला दिली. त्याने मान डोलावली आणि कामाची माहिती मला दिली.

काही प्लास्टिक गुळासारखं असतं: तापवलं की वितळतं, थंड झालं की पुन्हा घट्ट. काही उकडलेल्या अंड्यासारखं: एकदा घट्ट झालं की परत पातळ होणे नाही. पीपी गुळाच्या जातीचं, साधारण १६० अंशांच्या पुढे वितळतं, म्हणून सांधता येतं. जुन्या काही परदेशी गाड्यांचे पॉलियुरेथेनचे बंपर अंड्याच्या जातीचे. त्यांना गरम सळई लावली तर नुसतं जळतं. आणि सांध्यात भरायची काडीही त्याच जातीची हवी. पीपीत एबीएस भरलं तर वरून छान दिसतं, पहिल्या गतिरोधकाला उकलतं. तो काड्या विकत आणत नाही, पीपीच्या भंगार बंपरच्या पट्ट्या कापतो.

आधी साबणाने धुणं, कारण मेण-पॉलिशवर काही टिकत नाही. मग चीर जिथे संपते तिथे ड्रिलने बारीक भोक. हे पाहून मी चमकलो. फाटलेल्यात आणखी भोक? पण चिरेच्या टोकाशी सगळा ताण एका बिंदूवर येतो; भोकाच्या गोलाईवर तो वाटला जातो आणि चीर पुढे पळत नाही. मग आतून चिरेच्या कडा तासून इंग्रजी व्हीसारखी खाच, पोलादी जाळीचा तुकडा गरम सळईने त्यात बुडवणं, वर पट्टी वितळवून भरणं. तेच बाहेरून, जाळीशिवाय. थंड व्हायला घाई नाही. मग पॉलिश पेपर.

खरी मेख त्यापुढे आहे. पीपीचा अंगचा स्वभाव असा की त्याला काही चिकटत नाही, म्हणून तर बाजारातला साधा डिंक त्यावरून सालीसारखा निघतो. आधी प्लास्टिकचा खास प्रायमर मारावा लागतो, पुट्टीही लवचिक लागते. पत्र्याची कडक पुट्टी वापरली तर बंपर हलतो आणि पुट्टी तडकते. रस्त्यावर पापुद्रे निघालेले जे बंपर दिसतात, त्यांत बऱ्याचदा सांधा शाबूत असतो, प्रायमर वाचवलेला असतो.

प्रत्येक बंपर रफू करावा असं माझं मुळीच म्हणणं नाही. मागचा दांडा वाकला असेल, बसवायचे लॉक सगळे तुटले असतील, किंवा चीर सेन्सरच्या जागेतून गेली असेल, तर बदलावा. हे मला त्यानेच सांगितलं, आणि अशा दोन गाड्या माझ्यासमोर परतही पाठवल्या.

आमच्या स्टाफरूममध्ये ‘गॅरेज लाइनला गेला’ हे वाक्य मुलगा हातचा गेला अशा सुरात बोललं जातं. तो सूर मला आवडत नाही, पण त्यातली काळजी खोटी नाही. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालानेही मुसलमान कामगार स्वयंरोजगारात आणि वाहन दुरुस्तीसारख्या धंद्यांत जास्त असल्याचं नोंदवलं होतं. हातात कसब आहे, कागद नाही. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला दहावी पास लागते, बँकवाला कर्जासाठी कागद मागतो. आणि फुफ्फुसांचं काय? रंगाच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे कायमचा दमा लागू शकतो. तिथे सगळे तोंडाला रुमाल बांधतात. रुमालाने ते अडत नाही, बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लागतो. डब्यावर इशारा छापलेला असतो, इंग्रजीत.

म्हणून त्याने मजुरी सांगितली तेव्हा मी घासाघीस केली नाही, फक्त सतरा नंबरच्या फॉर्मचा विषय काढला. बाहेरून दहावीला बसायचं. दोन महिने टाळाटाळ झाली, मग अम्मीनेच त्याला शाळेत आणून बसवलं. आता शुक्रवारी गॅरेज बंद असतं तेव्हा जुम्याच्या नमाजनंतर तो माझ्याकडे येतो. गणित बरं आहे, उर्दू चांगली आहे, मराठीच्या पेपरची धास्ती आहे. गेल्या शुक्रवारी मी त्याला बंपर कसा सांधतात ते मराठीत लिहायला सांगितलं. अर्धं पान लिहिलं. ‘वितळणे’ तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलंय, पण भोक पाडण्याची पायरी बरोबर जागी आहे. रंगाचा भाग येत्या शुक्रवारी लिहायचा आहे.