कळलावीस अनावृत पत्र

अगं कळलावी,

ऐप्पसी महिन्याचा पाऊस लागला की तंजावरात पुदु आरूच्या काठची कुंपणं तुझी होतात. कल्लणै धरणाहून येणाऱ्या या कालव्याच्या कडेने आम्ही सकाळचे फिरायला जातो, तेव्हा तू पानांच्या टोकांचे आकडे अडकवत बाभळीवर चढलेली असतेस. कळी हिरवट. उमलली की पाकळ्या मागे उलटून पिवळ्या, मग नारिंगी, शेवटी लालभडक. एका वेलीवर हे सारे रंग एकदम दिसतात.

आमच्या मराठी घरांनी मात्र तुला दारातच अडवलं. वळचणीला तुझं फूल खोचलं तर घरात भांडणं लागतात, असा समज. कोकणात तुला गौरीचे हातही म्हणतात, तरी कळ लावणारी हा ठपका काही पुसला गेला नाही. भीतीला कारण आहे, ते मी नाकारत नाही. तुझ्या कंदात नि बियांत कोल्चिसिन असतं. कंद पोटात गेला तर माणूस दगावतो. सुईणी त्याचा लेप अडलेल्या बाईला लावत. आज तेच द्रव्य गाऊटवर औषध आहे, आणि त्यासाठी तमिळनाडूत तुझी शेती होते.

इथे तू सेंगांदळ, राज्याचं फूल. कपिलर या जुन्या तमिळ कवीच्या ‘कुरिंजिप्पाट्टु’ काव्यात नव्व्याण्णव फुलांच्या यादीत पहिला मान तुझा. मुरुगनाच्या माथ्यावर तुझीच माळ. तो मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी, ज्याचं दर्शनही मराठी मुलखात बायकांनी टाळायचं! जवळच्या स्वामीमलैत त्याच्यासमोर बायका लेकरं घेऊन रांगेत उभ्या असतात. देव आणि त्याचं फूल, दोघांनाही आपण दूर ठेवलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. खरं तर आपण इथे परके नाही. व्यंकोजीराजांनी 1676च्या सुमारास इथे राज्य उभारलं. तेव्हापासून आपली माणसं कावेरीचं पाणी पितात. सरफोजीराजांनी तर धन्वंतरी महालात औषधी वनस्पतींचा अभ्यास करवून त्यांची रंगीत चित्रं काढून घेतली. आता तरी तुझ्यावरचा भांडणाचा आळ उतरवायला हवा. विषाची ताकीद पोरांना जरूर द्यावी, पण तीच द्यावी.

काठ साफ करायला कोयते घेऊन माणसं येतील, तेव्हा मी त्यांना थोडं थांबायला सांगणार आहे. शेंगा तडकून बी सांडू दे. पुढे वेल आपोआप वाळते. जमिनीतला कंद तेवढा कुणी उपटू नये.

तुझी,
तंजावरची एक शेजारीण