आठ इंची की चौदा इंची? शेडमधल्या बँडसॉची गोष्ट



आज पिकाचं नाही, लाकडाचं लिहितो. गेल्या आषाढात कोळप्याचं खोड मोडलं, तिथून हे सुरू झालं. कपाशी महिनाभराची, पाऊस उघडलेला, वाफसा जेमतेम दोन दिवसांचा. आमच्या पारोळ्याकडच्या काळ्या जमिनीत तेवढीच संधी मिळते. गावातल्या सुतार आबांना आता नीट दिसत नाही. शेजारच्या गावचा सुतार म्हणाला, पाच दिवसांनी या. तोवर पुन्हा पाऊस लागला आणि दीड एकर निंदायला मजूर लावावे लागले. त्या मजुरीचा विषय घरात अजून निघतो.

तेव्हा ठरवलं, खोडं, दांडे, रुमणी आपली आपण कापायची. त्यासाठी बँडसॉच हवा, कारण गोल करवतीने वळण कापता येत नाही आणि रुमण्याला बाक लागतोच. जागा म्हणाल तर गोठ्याला लागून दहा बाय आठचं पत्र्याचं शेड, त्यातही अर्ध्या भागात ढेपेची पोती.

जागा लहान म्हणून मशीनही लहान, असा सरळ हिशेब केला आणि टेबलावर बसणारं आठ इंची घेतलं. तीन क्विंटल कापसाचे पैसे गेले. (बँडसॉचा इंच म्हणजे चाकाचा व्यास. पट्टा आणि मागचा खांब यात साधारण तेवढंच अंतर असतं.) पातळ फळीला मशीन छान, पण त्यात लाकूड जातं ८० मिलिमीटर उंचीचं, म्हणजे सव्वातीन इंचाच्या आतलं. माझं बाभळीचं खोड चार इंची! अडीच इंची दांडा लावला तरी संध्याकाळी मोटर घुरघुरून थांबायची. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले की जोर ६० टक्क्यांवर येतो आणि मोटर तापते. विहिरीवरची मोटर जळते ते दुखणं हेच. शिवाय लहान चाकावर पट्टा जास्त वाकतो आणि लवकर तडकतो. चार महिन्यांत तीन पट्टे गेले.

शेवटी आबांकडे गेलो. ते म्हणाले, "पह्यले लाकूड देख, मंग मशीन लेजो." मग विचारलं, सगळ्यात लांब काय कापशील? म्हटलं, सहा फुटी दांडी. म्हणजे सहा फूट पट्ट्याच्या अलीकडे, सहा फूट पलीकडे. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मशीन आठ इंची असो की चौदा, बारा फूट लागणारच. जागा लाकूड खातं. चौदा इंची उभ्या मशीनचा पाया दोन बाय दोन फुटांत बसतो, माझं टेबल त्याहून मोठं होतं.

धुळ्यात एक फर्निचरवाला दुकान आवरत होता, त्याच्याकडून जुनं बिडाचं चौदा इंची आणलं. त्यात सहा इंच उंचीचं लाकूड जातं. घेताना चाकं हाताने फिरवून लटपटतात का पाहिलं, चाकावरचं रबर आणि पट्टा ताणायची स्प्रिंग तपासली. मोटर थ्री फेज होती. शेताला थ्री फेज आठ तास, कधी दिवसा तर कधी रात्री, आणि घरी सिंगल फेज. पण मशीन बेल्टवर चालतं, म्हणून एक एचपीची सिंगल फेज मोटर सहज बसली. दाराच्या रेषेत मशीन ठेवलं आणि समोरच्या पत्र्याला खिडकी पाडली. लांब लाकूड दारातून आत येतं, खिडकीतून गोठ्यात निघतं. पहिल्या दिवशी बैलांना ते अजिबात पटलं नाही.

जाड बाभळीला अर्धा इंच रुंद पट्टा, इंचाला तीन दात. बाकासाठी पाव इंची, सहा दातांचा. अर्ध्या इंचीला अडीच इंच त्रिज्येच्या आत वळवाल तर तो तुटेल.

बांधावरच्या झाडाच्या पोटात कुंपणाची तार नाहीतर खिळा असतोच. मी जुन्या स्पीकरचा चुंबक फिरवतो, तरी खोल गेलेला खिळा सापडत नाही. एक पट्टा त्यातच गेला. गोल ओंडका तसाच लावू नका, दात लागताच गरकन फिरतो आणि हात ओढून नेतो. आधी फळीवर स्क्रूने आवळा. गळ्यातला रुमाल खुंटीला, हातमोजेही नकोत.

साग, अंजन, आंबा, जांभूळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. आपल्याच बांधावरची असली तरी परवानगीशिवाय तोडू नका. आरा गिरणीला वन खात्याचा परवाना लागतो, म्हणून मशीन आणण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. मी घरच्या अवजारांपुरतंच कापतो, तरी आधी विचारून आलो.

परवा आबांना नवं खोड दाखवलं. त्यांनी नखाने खरवडून नाकाला लावलं. "अजून ओलं शे रे भाऊ." सावलीत ठेवलंय. मृगापर्यंत वाळेल असं धरून चाललोय, नाहीतर आहेच शेजारच्या गावचा सुतार.