अक्काला विचारून

मागच्या जानेवारीत पुतण्यानं आम्हाला हुरडा पार्टीला नेलं. हिंगोलीपासून अर्ध्या तासावरचं शेत. माणशी चारशे रुपये, लहान मुलांना निम्मे. फाटकाशी रंगवलेलं बैलगाडीचं चाक, झाडाला टांगलेले कंदील आणि कंदिलात बल्ब. फळ्यावर खडूनं बेत लिहिलेला: गावरान अंबाडी, ज्वारीच्या कण्या, येसर आमटी, ठेचा, भाकरी. मला भरून आलं. साठी उलटलेल्या माणसाला अंबाडी या नुसत्या शब्दानं असं होतं.

शेजारी अक्का उभी होती. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. चष्मा घरी राहिला म्हणून तिनं नातीकडून फळा वाचून घेतला, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"कण्या? पैसे देऊन कण्या?"

तेव्हापासून मी एक ठरवलंय. जुन्या खाण्याबद्दल काही लिहायचं तर आधी अक्काला विचारायचं. मी नुसता खाणारा, रांधायला ती होती. आमच्या दोघांच्या आठवणी एकाच चुलीच्या, पण मी चुलीच्या अलीकडे बसलेला आणि ती पलीकडे, धुराच्या बाजूला.

आता हुरडाच घ्या. आमच्या शेतात ज्वारीच्या पेऱ्यात चार तासं गूळभेंडीची असायची, खास हुरड्यासाठी. थंडी पडली, दाण्यात दूध भरलं की बांधाजवळ आगटी खणायची, गोवऱ्या पेटवायच्या, निखाऱ्यात कणसं खुपसायची आणि काढून तळहातावर चोळायची. चोळणाऱ्याचे हात भाजत, खाणाऱ्याला फक्त फुंकर मारायची असे. लसणाची चटणी, गुळाचा खडा, गाडग्यातलं दही, खिशातली बोरं. मी हे सगळं लिहून अक्काला वाचून दाखवलं आणि शेवटी एक वाक्य जोडलं, की त्या आगटीभोवती सारा गाव एक व्हायचा.

"सारा?" अक्का म्हणाली. "कापूस वेचायला आलेल्या बाया कुठं बसायच्या ते लिही की. त्या बांधाच्या पलीकडं. अन् तू त्यांच्या पदरात वरून हुरडा टाकून यायचास."

ते वाक्य मी खोडलं. वरून टाकल्याचं मला आठवत नव्हतं, ती म्हणाल्यावर आठवलं.

१९७२ साली हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. त्या बहात्तर साली पाऊस गेला तो गेलाच. अक्काचं ठरलेलं लग्न पुढं ढकललं. आठ एकरांचे मालक असलेले आम्ही, पण आई आणि अक्का रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. मी दहा वर्षांचा. त्यांच्यामागं जायचो ते सुकडीसाठी. भाजलेलं पीठ, गूळ, तेल, ओंजळभर मिळायची. तिच्यासारखं गोड मी नंतर काही खाल्लं नाही, असं मी चारचौघांत नेहमी सांगतो. या एका बाबतीत अक्काचा आक्षेप नाही. "सुकडी गोडच होती," ती म्हणते. लगेच पुढं, "आईच्या वाटची पण तूच खायचास."

पण मिलो! रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी यायची, तिला मिलो म्हणत. तिकडं ती जनावरांना घालतात असं गावात बोललं जायचं, आणि ते खरंही होतं. तिच्या पिठाला चिकटपणा म्हणून नाही. अक्का आधी उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढायची, मग थापायची, तरी भाकरी कडेनं फुटायची आणि तव्यावर उलटताना तिचे तीन तुकडे व्हायचे. रंग विटेसारखा, वास गोणपाटासारखा. आठवणींत रमायची मला इतकी हौस, पण पन्नास वर्षं झाली तरी मिलोला चव आलेली नाही. वाईट होती ती वाईटच राहिली. मिलोची भाकरी ठेवणारं एकही हुरडा केंद्र अजून निघालेलं नाही, यावरून गिऱ्हाइकालाही ते कळतं म्हणायचं.

त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठ सुरू झालं. संकरित ज्वारी त्याआधीच, साठच्या दशकात आली होती. गावात तिला 'हायब्रेड' म्हणत. तिनं कणग्या भरल्या, हे कबूल करायला हवं. भाकरी मात्र पांचट, आणि कणसावर पाऊस पडला की दाणा काळा. म्हातारी माणसं ती खाताना तोंड वाकडं करायची आणि पोटभर खायची. त्याच विद्यापीठाकडून २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी आली, लोह आणि जस्त जास्त असलेली. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. पुण्याचा भाचा आता डॉक्टरच्या सांगण्यावरून रात्री भाकरीच खातो. अक्काला मी हे सगळं उत्साहानं सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "मग आपन इतकी वर्षं पोळी खायला मिळावी म्हनून कामून जीव टाकला?"

कण्यांचं सांगतो, कारण तिथंच ती हसली होती. जात्यावर ज्वारी भरडायची, चाळायची, वर जाड भरड उरते त्या कण्या. मीठ घालून शिजवायच्या आणि ताकाशी खायच्या. मला त्या फार आवडायच्या. पाहुणा आला की भाकरी, नसला की कण्या, हा घरचा नियम मला ठाऊक नव्हता. अक्कानं परवा सांगितला. कण्यांचा मोठा गुण असा, की पाणी वाढवलं की माणसं वाढली तरी पुरतात. भाकरीला असं पाणी घालता येत नाही. हुरड्याच्या शेतावर त्या मातीच्या वाडग्यात आल्या. वर तूप, कोथिंबीर, काजूचा तुकडा. नात म्हणाली, "हे रिसोटोसारखं लागतं." अक्कानं काजू काढून नातीच्या ताटात ठेवला आणि उरलेलं निमूट संपवलं.

अंबाडीवरून तर आमचं भांडणच झालं. माझी बाजू अशी: कपाशीत, तुरीत अंबाडीची ओळ असायचीच. पानं उकडून त्यांचं आंबट पाणी पिळून काढायचं, तुरीची डाळ आणि कण्या घालून घोटायचं, आणि वाढल्यावर वरून लसणाची कडकडीत फोडणी, तेल असं की भाजीला विहीर करावी लागे. झाड वाळलं की त्याच्या काड्या कयाधूच्या पाण्यात कुजत घालायच्या, नदीकाठ आठवडाभर घाण वासानं भरायचा, आणि त्या सालीतून पोळ्याचे कासरे वळले जायचे. एकाच झाडाची भाजी माणसाच्या पोटात आणि दोर बैलाच्या नाकात! आता रानात सोयाबीन आहे, तणनाशक आहे, आणि दोर नायलॉनचा आहे. अंबाडी उरली ती फळ्यावर.

अक्काची बाजू एका वाक्याची: "तू ती शाळेच्या वाटंवर कुत्र्याला घालायचास."

हे खरं आहे. हिंगोलीच्या शाळेत मुलांचे डबे पोळी-बटाट्याचे असत. माझा डबा उघडला की आंबूस लसणाचा वास वर्गभर. एका मुलानं नाक दाबलं, दुसऱ्या दिवसापासून कुत्रं माझ्या वाटेवर थांबू लागलं. अक्काला तेव्हाच कळलं होतं म्हणे, डबा फार स्वच्छ यायचा म्हणून. ती आईला बोलली नाही. मला पन्नास वर्षांनी ऐकवलं.

मग मीही एक गोष्ट तिला सांगून टाकली. आमच्या वर्गात तांड्यावरचा एक मुलगा होता, माझा जिवलग. सातवीत असताना त्याच्या घरी बोकड पडलं होतं. मला ताटलीत काळपट, दाणेदार, तिखटजाळ काहीतरी वाढलं. मी भाकरीशी दोनदा मागून खाल्लं. बाहेर आल्यावर त्यानं सांगितलं, ही सळोई, बोकडाचं रक्त शिजवून करतात. मी ओढ्यावर जाऊन चुळा भरल्या, उलटी होईल म्हणून वाट पाहिली. झाली नाही. आमच्या माळकरी घरात हे कुणाला सांगणं शक्य नव्हतं. पुढं मित्र मास्तर झाला, तांड्यावर पक्की घरं झाली. मागं भेटला तेव्हा सळोईबद्दल विचारलं, तर म्हणाला, सून करत नाही, तिला वास सोसत नाही. म्हणजे नाक दाबणारी मुलं शेवटी प्रत्येकाच्या घरात येतात.

अक्कानं हे ऐकून कानावर हात ठेवले. मग थोड्या वेळानं, "तिखट होती का?"

काही गोष्टींच्या आठवणी काढायची वेळच आली नाही, कारण त्या गेल्याच नाहीत. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं, तहरी मागं राहिली. मसाल्याचा, हळदीनं पिवळा, बटाटे-वटाणे घातलेला भात आमच्याकडं आजही घाईच्या दिवशी होतो, आणि शेजारच्या चाचीकडं त्यातच मटण पडतं. मुरमुरे भिजवून फोडणीला टाकलेला सुशीला तसाच. पुण्याच्या पाहुण्यांना नावाचं हसू येतं, हसू आटोपेपर्यंत ताटली रिकामी होते. येसराचं उलट झालं. लग्न ठरलं की आळीतल्या बाया जमून धान्यं आणि मसाले भाजायच्या, गाणी म्हणायच्या, दळायच्या. आता बचत गटाचं पाकीट मिळतं. मी त्यावर हळहळणार होतो. अक्का म्हणाली, पाकीट चांगलंय, भाजताना डोळे जात नाहीत.

बिब्ब्याची फुलं मात्र खरंच दिसत नाहीत. कळमनुरीकडच्या डोंगरातून बाया टोपलीत आणायच्या. बिब्ब्याच्या काळ्या बीच्या डोक्यावरचा तो नारिंगी गर, वाळवून निखाऱ्यावर भाजलेला. गोड, तुरट, आणि जास्त खाल्लं की घशाला खवखव. बी फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांची बोटं बिब्बा उतून काळी पडलेली असत. गोडंबी डिंकाच्या लाडवात अजून पडते. फुलं नातीला दाखवायची होती, बाजारात दोन म्हाताऱ्यांनी ओळखलं, पण आणत कुणी नाही.

आणि हळद. या जिल्ह्याचा बाजार सध्या तिच्यावर चालतो. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हिंगोलीकडून वसमतला जा, शिवारभर हळद शिजवल्याचा वास. एवढं पिवळं सोनं पिकवून आमच्या भाजीत पडते ती चिमूटच. ओल्या हळदीची तुपातली भाजी मी पहिल्यांदा खाल्ली ती मारवाडी मित्राच्या घरी. कोकणात हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात, हे मी घरी सांगितलं तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, पानं तर आम्ही कापून बांधावर टाकतो." एकदा करून पाहू म्हणालो, दोन वर्षं झाली.

राहिलं करडईचं दूध. यावर आमचं दोघांचं एकमत होतं. करडी भिजवायची, पाट्यावर वाटायची, फडक्यातून पिळायची. पांढरं, दाट दूध निघतं. त्यात गव्हाची भरड आणि गूळ घालून खीर. घरची म्हैस आटली की ही खीर व्हायची. हुरडा पार्टीहून परतताना ठरलं, करायचीच.

करडई मिळेना. पूर्वी रब्बीच्या कडेला काटेरी करडीचं कुंपण असायचं, जनावर आत शिरू नये म्हणून. आता घरात सोयाबीनचं तेल, रानात हरभरा. बियाण्याच्या दुकानात पिशवी मिळाली, पण दाणे औषध चोळून गुलाबी केलेले, खाल्ले तर दवाखाना. मोंढ्यात आडत्यानं मान हलवली. शेवटी पुतण्याच्या सासुरवाडीहून दोन किलो आली.

अक्काच्या मनगटात आता पाटा-वरवंटा नाही. मिक्सरमध्ये वाटलं, तिनं स्वतः पिळलं, चुलीवर नाही पण मंद गॅसवर तासभर ढवळलं. वाट्या भरल्या. पहिला घास घेतला आणि मी थबकलो. कडवट होती. फार नाही, जिभेच्या मागच्या बाजूला. मी मिक्सरला दोष दिला, वाटताना तापलं असेल म्हणालो.

"मिक्सरचं काही नाही," अक्का म्हणाली. "आईची पण अशीच व्हायची. मी म्हनायचे, गूळ वाढव, तर ऐकायची नाही. ढेप वर्षभर पुरवायची असायची."

मी वाटीकडं पाहत राहिलो. अक्कानं फडताळातून गुळाचा डबा काढला, झाकण उघडून माझ्यासमोर सरकवला.

"घाल की. आता आहे."