सगळं हिरवं, पण चौकोनी

परवा शुक्रवारी ऑफिसात एक धडा मिळाला. म्हटलं, विसरायच्या आत लिहून टाकावा.

आमच्याकडे एका क्लायंटचं डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचं पोर्टल आहे, इंग्रजी आणि मराठी. दर रिलीजच्या आधी आमची टेस्टर रात्री उशिरापर्यंत एकेक पान डोळ्यांनी तपासायची. तिचा त्रास वाचावा म्हणून मी बॅकस्टॉपजेएस बसवायचं ठरवलं. हे टूल पानाचा फोटो काढतं आणि जुन्या फोटोशी ताडून बघतं. एनपीएमने इन्स्टॉल केलं, 'बॅकस्टॉप इनिट' दिलं, कॉन्फिग फाइलमध्ये पानांचे पत्ते भरले. इथवर वीस मिनिटं. मग लिनक्स सर्व्हरवर क्रोम उठेचना. एक लायब्ररी टाकली की दुसरीवाचून अडायचं. त्यात अख्खा दिवस गेला. शेवटी 'बॅकस्टॉप रेफरन्स' चाललं, मग 'बॅकस्टॉप टेस्ट', आणि सगळं हिरवं! दोन-चार इंग्रजी पानं बघितली आणि खुशीत घरी आलो.

दोन आठवडे रिपोर्ट हिरवाच. परवा टेस्टर म्हणाली, "अरे, मराठी पानं उघडून बघितलीस का?"

उघडली. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन! सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नव्हता. पहिल्या फोटोत चौकोन, रोजच्या फोटोतही चौकोन. टूलच्या लेखी फरक शून्य. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? रिग्रेशन टेस्ट 'बरोबर आहे का' हे सांगतच नाही, 'आधीसारखंच आहे का' एवढंच सांगते. आधीचं बरोबर होतं का, हे माणसानेच बघायचं असतं. ते मी बघितलं नव्हतं.

पोटात गोळा आला तो पुढच्या विचाराने. पेशंटच्या पावतीची पीडीएफ त्याच सर्व्हरवर तयार होणार होती, सोमवारपासून. माझ्या आजीला फक्त मराठी वाचता येतं. तिने त्या चौकोनांतून वार आणि वेळ कशी शोधली असती?

उपाय पाच मिनिटांचा निघाला: उबुंटूचं 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे पॅकेज. गंमत म्हणजे लोहित मूळचा पुण्याचाच, मॉड्युलर इन्फोटेकने केलेला. पुढे रेड हॅटने तो सर्वांसाठी खुला केला, २०११ पासून ओपन फॉन्ट लायसन्सखाली.

मग रेफरन्स फोटो पुन्हा काढले, आणि या वेळी आम्ही दोघांनी एकेक उघडून वाचला. जिचा त्रास वाचवायला निघालो होतो, तिचा शुक्रवार पुन्हा उशिरा संपला. असो, निदान या वेळी एकटीचा नव्हता. :)