गिअरबॉक्सची पारख

अमेरिकेत ज्याला मिनीव्हॅन म्हणतात, त्या वाहनाचा मोह कोणास पडल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तरुणांना ते पोक्त वाटते आणि हौशी माणसांना रसहीन. परंतु ज्या घरात तीन मुले आहेत, वृद्ध आई आहे आणि तिची चाकांची खुर्ची आहे, त्या घराला मिनीव्हॅनच्या ठेंगण्या पायरीचे आणि सरकत्या दारांचे मोल विचारावे. न्यू जर्सीतील आमचे घर असेच आहे. आईंना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला न्यावे लागते. घराजवळून बस जात नाही. गाडी बंद म्हणजे आमचे घरच बंद.

गतवर्षी हिवाळ्यात आमच्या जुन्या व्हॅनचा गिअरबॉक्स निकामी झाला. इंजिन ठणठणीत, दारे-आसने शाबूत. पण महामार्गावर गिअर बदलताना गाडी क्षणभर ओढच सोडून देई, आणि त्या क्षणी मागून येणारे मालट्रक आरशात फार मोठे दिसत. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडला. तेव्हा नवी व्हॅन घेताना रंग, आसने, गाणी वाजविण्याची सोय हे सारे बाजूला ठेवायचे आणि आधी गिअरबॉक्स पारखायचा, असे आम्ही उभयतांनी ठरविले.

वसईच्या वाचकांना दातेरी चाकांची ओळख नव्याने करून द्यावयास नको. वाडीतील विहिरीवरचा रहाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जनावराच्या संथ फेरीतून उभे चाक कसे फिरते हे ठाऊक आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येही मुळात दातेरी चाकेच असतात. पुष्कळ गाड्यांत त्यांची मांडणी ग्रहमालेसारखी असते: मध्यभागी सूर्यचाक, त्याभोवती फिरणारी ग्रहचाके आणि सर्वांना वेढणारे एक कडे. यांतील कोणते अडवायचे नि कोणते मोकळे सोडायचे, यावर गती ठरते. अडविण्याचे काम क्लचच्या चकत्या करतात आणि त्या चकत्यांना दाबून धरते ते तेल. तेल करपले की चकत्या घसरू लागतात, घसरल्या की अधिक तापतात, आणि तापल्या की तेल अधिक करपते. मिनीव्हॅनचे स्वतःचे वजनच सुमारे 2 टन. त्यात सात माणसे आणि सामान. गिअरबॉक्स मात्र बसविलेला असतो इंजिनाच्या कुशीत, आडवा, अगदी अडचणीच्या जागी. उष्णतेशी त्याचा झगडा जन्मापासूनचा आहे.

या झगड्यात नामांकित कंपन्याही हरल्या आहेत. अमेरिकन कुटुंबांना मिनीव्हॅनची गोडी लावली ती 1983 च्या अखेरीस क्रायस्लरने. त्याच कंपनीने 1989 मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा चार गतींचा गिअरबॉक्स आणला आणि तो लवकरच बदनाम झाला. त्या बदनामीत चुकीच्या जातीचे तेल भरले जाण्याचाही वाटा होता. होंडाचे नाव तर विश्वासाचे. तरीही एप्रिल 2004 मध्ये होंडाला सुमारे 11 लाख वाहने परत बोलवावी लागली. त्यांत 2002 ते 2004 या वर्षांच्या ओडिसी व्हॅनही होत्या. दुसरा गिअर अतिशय तापून त्याचे दाते तुटण्याचा आणि गिअरबॉक्स अडकून बसण्याचा धोका होता. कमी धावलेल्या गाड्यांवर उपाय केला तो अगदी साधा: त्या गिअरवर तेलाची धार पडेल अशी व्यवस्था बसविली.

हे वाचल्यावर ‘कोणती कंपनी चांगली?’ हा प्रश्न आम्ही टाकून दिला. कोणत्या वर्षी, कोणत्या गाडीत, कोणता गिअरबॉक्स, एवढेच विचारू लागलो. 2018 ची ओडिसी घ्या. तिच्या खालच्या श्रेणींत झेडएफ या जर्मन कंपनीचा नऊ गतींचा गिअरबॉक्स होता, तर वरच्या श्रेणींत होंडाचा स्वतःचा दहा गतींचा. नाव एक, वर्ष एक, आणि पोटात दोन निराळी यंत्रे! 2020 पासून मात्र सर्व श्रेणींना दहा गतींचाच मिळाला. गाडीचे नुसते नाव सांगून शिफारस करणाऱ्या स्नेह्यांचे आम्ही आभार मानीत असू आणि पुढे जात असू.

तक्रारींचे आकडेही जपून वाचावे लागतात. येथे वाहनांविषयीच्या तक्रारी सरकारदरबारी नोंदविल्या जातात आणि त्या कोणासही पाहता येतात. पण जी गाडी भरपूर खपते तिच्या तक्रारीही भरपूर असणार. किती मैलांवर बिघाड झाला आणि तोच बिघाड पुनःपुन्हा होतो का, हे पाहण्यात अधिक अर्थ आहे.

किआ कार्निव्हल आम्हांला मनापासून आवडली होती. तिच्या इंजिन-गिअरबॉक्सला 10 वर्षे किंवा 1,00,000 मैलांची वॉरंटी मिळते. परंतु ती पहिल्या मालकाला. दुसऱ्या मालकाच्या वाट्याला 5 वर्षे किंवा 60,000 मैलच येतात, आणि तीही गाडी प्रथम विकली गेल्यापासून मोजून. आमच्या खिशाला नवी गाडी पेलणारी नव्हती.

शेवटी डोळा गेला टोयोटाच्या सिएनावर. 2021 पासून ती केवळ हायब्रीड स्वरूपात येते. तिच्या गिअरबॉक्सलाही ‘सी.व्ही.टी.’ म्हणतात, हे ऐकून आम्ही दचकलो होतो. कारण निसान क्वेस्ट व्हॅनमध्ये होती तशी सी.व्ही.टी. पोलादी पट्टा आणि दोन पुल्या यांवर चालते. सिएनात तसा पट्टा नाही, गिअर बदलणाऱ्या क्लचच्या चकत्याही नाहीत. दोन विद्युत मोटारी आणि ग्रहमालेची दातेरी चाके सतत एकमेकांत गुंतलेली असतात आणि मोटारींच्या फिरण्यावर गती ठरते. जे घासून झिजावे आणि करपावे असे त्यात फारच थोडे. नावाचा हा घोटाळा तिकडेही आहे. वसईच्या धाकट्या भावाने इनोव्हा हायक्रॉसबद्दल विचारले, तेव्हा त्यालाही आम्ही हेच लिहिले: साध्या पेट्रोल हायक्रॉसची सी.व्ही.टी. पट्ट्याची आहे, हायब्रीडची तशी नाही. दोहोंची तुलना एका तराजूत करू नकोस.

सिएनाचा एक दोष मोठा आहे. मधल्या रांगेतील आसने काढता येत नाहीत. पूर्वी आईंची खुर्ची तेथे उघडीच उभी राहत असे. आता घडी घालून मागे ठेवावी लागते आणि उतरल्यावर पुन्हा उघडावी लागते. डायलिसिसहून थकून आलेल्या माणसाला ती दोन मिनिटेही जड जातात. या एका कारणावरून आमच्यात आठवडाभर वाद झाला. अखेर महामार्गावर बंद पडण्यापेक्षा घरासमोर दोन मिनिटे थांबणे बरे, असे आईंनीच सांगितले आणि तीन वर्षे वापरलेली सिएना दारी आली.

सिग्नलला उभी राहिली की तिचे इंजिन पुष्कळदा आपोआप बंद होते. आई अजून दर वेळी विचारतात, ‘‘चालू आहे ना रे?’’