कुणाचा जीव, कुणाचा पण

इंग्रजीत एखाद्याला धोक्यात घालायला इतके शब्द आहेत, की या मंडळींना दुसरा काही उद्योग नव्हता की काय असं वाटावं. एन्डेंजर, जेपर्डाइझ, इम्पेरिल, थ्रेटन, हॅझर्ड, रिस्क... शाळेत आपल्याला सगळ्यांचा अर्थ एकच शिकवला: धोक्यात घालणे. मार्क मिळाले, विषय संपला. पुढे नोकरीत रोज इंग्रजीत मेल लिहायची वेळ आली तेव्हा कळलं, की हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

एन्डेंजर शक्यतो जिवासाठी. बेफाम गाडी हाकणारा दुसऱ्यांचा जीव एन्डेंजर करतो. आपला सोलापूरकडचा माळढोक तर 2011 पासून 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' यादीत आहे. जेपर्डाइझ मात्र बहुधा जमलेल्या किंवा जमू घातलेल्या गोष्टींसाठी: नोकरी, प्रमोशन, वाटाघाटी, रिलीजची तारीख. इम्पेरिल पेपरच्या मथळ्यात भेटतो, कॅन्टीनमध्ये कुणी उच्चारत नाही.

खरी गंमत रिस्कची. 'ही रिस्क्ड हिज लाइफ' म्हटलं की माणूस शूर ठरतो आणि 'ही पुट हर लाइफ ॲट रिस्क' म्हटलं की तोच गुन्हेगार. फरक फक्त जीव कुणाचा एवढाच. मराठीतही हा फरक आहे बरं का. जिवावर उदार होतो तो स्वतःच्या. जिवाशी खेळतो तो बहुधा दुसऱ्याच्या. आणि एखादी गोष्ट जिवावर बेतते, तेव्हा करणारा वाक्यातून गायबच असतो! (हिंदीत 'धोका दिया' म्हटलं की प्रेमभंग, आपल्याकडे धोका म्हणजे समोर लाल दिवा. असो.)

आमच्या धंद्यात हे शब्द आणखी काटेकोर झाले आहेत. दाराचं कुलूप बिघडलंय ही व्हल्नरेबिलिटी. गल्लीत फिरणारा चोर हा थ्रेट. तो आत शिरण्याची शक्यता किती आणि शिरला तर जाणार काय, हा हिशोब म्हणजे रिस्क. मग त्याचं रजिस्टर होतं. हाय, मीडियम, लो. लाल, पिवळा, हिरवा. एकदा रंग दिला की छातीतली धडधड थांबते. मला भीती वाटते ती याच थांबण्याची.

गेल्या वर्षी बाबांची ॲन्जिओप्लास्टी झाली. आधी संमतीपत्रावर सही करायची होती. इंग्रजी मजकूर, त्यात रिस्क हा शब्द चार-पाच ठिकाणी. मी तो ऑफिसातल्या डॉक्युमेंटसारखा सरसर वाचून गेलो. आई शेजारी उभी होती. म्हणाली, "काय लिहिलंय रे?" आणि मराठीत सांगायला गेलो तर जीभ अडली. 'रिस्क आहे' म्हणून तिचं भागणार नव्हतं. शेवटी म्हणालो, "बाबांच्या जिवाला थोडा धोका आहे, असं लिहिलंय." कागद तोच, अर्थ तोच. पण इंग्रजीत फक्त रिस्क होती, मराठीत बाबा होते. आई म्हणाली, "डॉक्टरांना विचार, थोडा म्हणजे किती." मी विचारलं. डॉक्टरांनी नीट, न चिडता समजावलं. मग सही केली.

चॅलेंजर यानाची गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ट्रेनिंगमध्ये ऐकली असेल. 28 जानेवारी 1986. उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटलं, सातही जण गेले. कारण रॉकेटच्या जोडातली रबराची ओ-रिंग, थंडीत ती कडक होत होती. रॉकेट बनवणाऱ्या थायोकोल कंपनीच्या इंजिनिअर्सनी आदल्या रात्री उड्डाणाला विरोध केला होता. त्यांच्याच वरिष्ठांनी तो बाजूला सारला. आधीच्या उड्डाणांत या रिंगा झिजलेल्या दिसल्या होत्या, पण तेव्हा शब्द वापरला गेला 'ॲक्सेप्टेबल रिस्क'. चौकशी समितीतल्या रिचर्ड फाइनमन यांनी विचारलं, तर यान गमावण्याची शक्यता इंजिनिअर सांगत होते साधारण 100 मध्ये 1 आणि मॅनेजमेंट सांगत होतं 1,00,000 मध्ये 1.

मला आकड्यांपेक्षा तो ॲक्सेप्टेबल जास्त टोचतो. ॲक्सेप्टेबल, पण कुणाला? आदल्या रात्रीचा तो वाद यानात बसणाऱ्या सातांपर्यंत पोचलाच नव्हता.

या शब्दांची मुळं पाहिली की चित्र स्पष्ट होतं. जेपर्डी आला जुन्या फ्रेंचमधल्या 'ज पार्ती'वरून, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी संधी असलेला डाव. बुद्धिबळातल्या कोड्यांनाही एके काळी इंग्रजीत जेपर्डी म्हणत. हॅझर्ड हा चक्क फाशांचा खेळ. डेंजरच्या मुळाशी लॅटिन डोमिनस, म्हणजे धनी. एखाद्याच्या डेंजरमध्ये असणं म्हणजे त्याच्या तावडीत असणं. थोडक्यात काय, कुणीतरी डाव मांडलेला असतो आणि कुणीतरी कुणाच्या तरी तावडीत असतं.

आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, पणाला लावणे. तो उच्चारला की द्यूतसभा आठवतेच. द्रौपदीचा तिथला प्रश्न जिंकण्या-हरण्याबद्दल नव्हताच. स्वतःला आधीच हरून बसलेल्याला मला पणाला लावायचा अधिकार कुठला, हा होता. रिस्क मॅनेजमेंटच्या जाड पुस्तकांच्या आधीचा हा प्रश्न, आणि सभेतल्या मोठमोठ्या जाणकारांना त्याचं धड उत्तर देता आलं नाही.

आमचं सॉफ्टवेअर यान उडवत नाही, पगार काढतं. तरी आमच्या रजिस्टरमध्ये मी एक जादा रकाना घातलाय: 'कुणाला?' पूर्वी लिहिलेलं असायचं, पगाराच्या हिशोबाला उशीर होऊ शकतो, मीडियम. आता पुढे लिहावं लागतं, रात्रपाळीचे कंत्राटी कामगार, 7 तारखेचा पगार. परवा मीटिंगमध्ये एकाने विचारलं, हा रकाना काढला तर चालेल का, टेबल पानात मावत नाहीये.

मी म्हटलं, फॉन्ट लहान कर.