नावं येऊ देत

शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात टीव्ही एकाच बिऱ्हाडात होता. सरकत्या लाकडी दारांचा, चार पायांवर उभा असलेला. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा आणि सगळा वाडा त्या खोलीत सतरंजीवर दाटीवाटीनं बसायचा. 'समाप्त'ची पाटी आली की मोठी माणसं उठायची आणि दारातल्या ढिगात आपापल्या चपला शोधायला लागायची. आम्ही मुलं मात्र बसूनच असायचो. घरातले काका बटण फिरवायचे, तसं सगळं चित्र मधोमध गोळा व्हायचं. काळ्या काचेवर एक पांढरा ठिपका उरायचा आणि बारीक होत होत विझायचा. तो पुरता विझेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा आम्ही आमच्यात नियम केला होता. आत्ता पाहिलेली माणसं त्या ठिपक्यातून आपल्या घरी परत जातात, असं मला वाटायचं.

आईची गोष्ट वेगळी होती. तिला नावं हवी असायची. त्या चित्रपटांत नावं सुरुवातीलाच येत. त्यामुळे ती कणीक अर्धी भिजवून, हात तसाच पदराला पुसत धावत यायची. गीत, संगीत, छायालेखन, संकलन, सगळं ओठांतल्या ओठांत वाचायची. नावं चुकली तर तिला सिनेमा अर्धवट पाहिल्यासारखं व्हायचं. "कुणी केलंय ते नको का कळायला? जेवून उठताना वाढणारीचं नाव विचारतोच की आपण," असं ती म्हणायची.

आता आई ब्याऐंशी वर्षांची आहे आणि माझ्याकडे कोथरूडला असते. नावं सुरुवातीकडून शेवटाकडे गेली, तशी तिची सवयही शेवटाकडे सरकली. सिनेमा संपला की मी उठायला लागते आणि मागून तिचा आवाज येतो, "थांब, नावं येऊ देत."

या सवयीमुळेच आम्हाला 'कोर्ट' पुरता पाहायला मिळाला. चैतन्य ताम्हाणे यांचा हा चित्रपट २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. एका लोकशाहिरावर खटला आहे. त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये जीव दिला, असा आरोप आहे. तारखा पडत राहतात. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी शांत उभा असतो आणि आपण त्या बाकावर बसल्यासारखे पाहत राहतो. सरकारी वकील बाई न्यायालयातून निघतात, लोकलनं घरी येतात, स्वयंपाक करतात, सगळ्यांना वाढतात. गीतांजली कुलकर्णी यांनी हे इतक्या सरळपणे केलं आहे, की शाहिराला तुरुंगात डांबायला निघालेली ही बाई आपल्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहत असेल, असं वाटतं. एरवी अशा बाईला खलनायिका करून मोकळे झाले असते. इथे तिच्या घरचा स्वयंपाक दाखवला आहे. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत मराठीत याच्याइतका धीट आणि इतका न्यायी चित्रपट झालेला नाही.

शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते. माणसं निघून जातात, रिकाम्या दालनातले दिवे मालवतात आणि पडदा काळा होतो. बराच वेळ काळाच राहतो. आमच्या घरात हालचाल सुरू झाली. भाच्यानं रिमोट उचलला, मी भांडी गोळा करायला लागले. आई म्हणाली, "अजून नावं आलेली नाहीत. म्हणजे संपलेलं नाही."

आणि खरंच संपलेलं नव्हतं. अंधारानंतर लख्ख ऊन येतं. तेच न्यायाधीश सहलीला आलेले असतात. कुणाच्या तरी मुलाला बोलता येत नाही, म्हणून ते नाव बदलायचा आणि खड्याची अंगठी घालायचा सल्ला देतात. मग बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते. पोरं ओरडून त्यांना दचकवतात, ते एकाला थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. ते डोळे मिटणं आम्ही पाहिलं नसतं, तर आम्हाला 'कोर्ट' कळलाच नसता. पुढे नावं आली. शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार यांचं नाव आईनं मोठ्यानं वाचलं. ते नागपूरचे, आंबेडकरी चळवळीत आयुष्य घातलेले. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते करोनानं गेल्याची बातमी आली, तेव्हा "आपला शाहीर गेला" म्हणून तिनं त्या दिवशी टीव्ही लावू दिला नाही.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला ताम्हाणे यांचाच 'द डिसायपल' ओटीटीवर आला. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या एका तरुणाची ही गोष्ट. त्यानं सगळं आयुष्य गाण्याला वाहिलेलं आहे आणि तरीही गाणं त्याला हवं तसं वश होत नाही. आदित्य मोडक यांनी तो शरद केला आहे. रात्रीच्या मुंबईत रिकाम्या रस्त्यांवरून त्याची मोटरसायकल संथ गतीनं जाते. तानपुरा वाजत असतो आणि कानात माई नावाच्या थोर गायिकेची जुनी ध्वनिमुद्रित व्याख्यानं असतात. माई पडद्यावर कधीच येत नाहीत, येतो तो फक्त आवाज. साधना किती कठीण आहे, हे तो आवाज जराही न चढता सांगतो. टाळेबंदीचे दिवस होते, खालच्या रस्त्यावरही चिटपाखरू नव्हतं. आम्ही दिवा मालवून ऐकत होतो. आई मधेच म्हणाली, "हा आवाज गाणाऱ्या बाईचा नाही. शिकवणाऱ्या बाईचा आहे."

नावं आली तेव्हा कळलं. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा होता. 'दोघी', 'देवराई', 'अस्तु', 'कासव' या चित्रपटांच्या सुमित्रा भावे. दिग्दर्शनाकडे वळण्याआधी त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या, तेव्हा आईचा कान फार चुकला नव्हता. १९ एप्रिलला त्या याच पुण्यात गेल्या होत्या. त्यांना जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते आणि त्या आमच्या खोलीत बोलत होत्या. मी मागे जाऊन मोटरसायकलचा एक प्रसंग पुन्हा लावला. या वेळी आम्ही चित्राकडे पाहिलंच नाही.

म्हणूनच 'सैराट'च्या वेळी मला इतका राग आला. २०१६ मध्ये तो मी थिएटरात पाहिला होता. शेवटी ते लहान मूल रडत रडत घराबाहेर येतं, फरशीवर त्याची रक्ताळलेली पावलं उमटत जातात आणि आवाज पूर्ण बंद असतो. आख्ख्या सिनेमाभर गाण्यांवर नाचलेलं ते थिएटर खुर्च्यांना खिळून बसलं होतं. जिन्यावरही कुणी बोललं नाही. मागच्या वर्षी घरी आईबरोबर तो पुन्हा पाहिला. पावलं उमटली, पडदा काळा झाला, नावं वर सरकायला लागली, आणि तेवढ्यात सगळं आक्रसून कोपऱ्यातल्या काडेपेटीएवढ्या चौकटीत गेलं. बाकीच्या पडद्यावर एका लग्नाच्या विनोदी चित्रपटाची जाहिरात हसायला लागली. खाली आकडे उलटे धावत होते, पाच, चार, तीन. मला रिमोट सापडेना. आईनं चष्मा वर केला आणि विचारलं, "अगं, त्या पोराचं काय झालं?" घरात कुणाचं मरण झालं असताना दारात बँड वाजावा, तसं ते वाटलं.

मालिकांचं दुखणं याच्या उलटं आहे. त्यांना संपूच देत नाहीत. दूरदर्शनवर तेरा भागांचा हिशेब असायचा. श्याम बेनेगल यांनी 'भारत एक खोज'मध्ये पाच हजार वर्षं त्रेपन्न भागांत बसवली. आता एका सासूचा एक गैरसमज दूर व्हायला त्याहून जास्त भाग लागतात. पाणी घालून घालून वाढवतात आणि प्रेक्षक आटला की आठवडाभरात गुंडाळतात. ती शीर्षकगीतंही राहिली नाहीत. 'आभाळमाया'चं मंगेश कुळकर्णी यांनी लिहिलेलं, अशोक पत्की यांचं संगीत आणि देवकी पंडित यांचा आवाज असलेलं गीत लागलं की बिल्डिंगच्या प्रत्येक मजल्यावरून ते ऐकू यायचं. बायका गॅस बारीक करून बाहेर यायच्या. गाणं संपेपर्यंत प्रत्येकीला आपापली जागा धरायला वेळ मिळायचा. आता त्या गाण्यावरून पुढे उडी मारायला बटण दिलेलं आहे.

ते बटण मी दाबत नाही. शेवटी नावं आक्रसली, तर त्या छोट्या चौकटीवर जाऊन रिमोटचं मधलं बटण दाबायचं, की ती पुन्हा पडदाभर होतात. पुढचं आपोआप सुरू होणंही सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं. मी आमच्याकडे बंद केलं आहे. तुम्हीही आज रात्री करून टाका, आणि नावं येऊ देत.